नवा प्रिंटर संगणकाशी बोलेना, तेव्हा

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा गजबजली की आमच्या संगणक कक्षात एक तक्रार हमखास येते. "सर, प्रिंटर नवा कोरा आहे, पण कॉम्प्युटर त्याला घेतच नाही." पूर्वी प्रिंट काढायची म्हणजे झेरॉक्सचे दुकान किंवा एमपी ऑनलाइनचे कियोस्क गाठावे लागे. आता समग्र आयडी, प्रवेशपत्र, मुलांचे प्रकल्प, आजोबांच्या औषधांचे कागद, सगळेच घरी छापायची सोय हवी असते. म्हणून शनवाऱ्यापासून लालबागपर्यंत पुष्कळ घरांत शाईच्या टाकीचा एखादा प्रिंटर येऊन बसला आहे. त्यातले काही मात्र नुसतेच बसले आहेत, वर रुमाल पांघरून. शाईचा प्रिंटर असा महिनोन्महिने पडून राहिला की त्याच्या डोक्यातली बारीक छिद्रे वाळलेल्या शाईने बुजतात, आणि मग तो खरोखरच बिघडतो.

हा विषय आम्ही पत्रिकेत घेतला त्याला आणखी एक कारण आहे. प्रिंटर चालेना म्हणून बोलावलेला माणूस कधी कधी पहिल्या पाच मिनिटांत "फॉरमॅट मारावा लागेल" असे सांगतो. नव्या प्रिंटरसाठी संगणक फॉरमॅट करण्याची गरज जवळजवळ कधीच नसते. त्यात जातात ती मुलांची लहानपणची छायाचित्रे, दुकानाचा हिशेब, पीएफचे कागद. तेव्हा पालकांनी निदान हा लेख वाचून होईपर्यंत तरी कुणाला फॉरमॅट करू देऊ नये.

आपल्या गावातला कुंडी भंडारा सर्वांनी पाहिलेला आहे. जमिनीखालून वाहणारे पाणी एका कुंडीतून पुढच्या कुंडीकडे जात गावापर्यंत पोचावे, अशी ती सतराव्या शतकातली योजना. पाणी आले नाही तर ते कुठल्या कुंडीपर्यंत येते आणि कुठून पुढे येत नाही, हे पाहायचे. छापायचा मजकूरही असाच संगणकातून निघून तीन-चार ठिकाणांहून प्रिंटरपर्यंत जातो. पुष्कळ लोक मात्र एकच सीडी पाच वेळा घालून पाहतात. आम्ही उलट टोकाकडून, म्हणजे प्रिंटरकडून सुरुवात करायला सांगतो.

संगणक बंद ठेवा. केबल काढून ठेवा. प्रिंटरमध्ये स्कॅनरची काच असेल तर तिच्यावर एखादा छापील कागद पालथा ठेवून कॉपीचे बटण दाबा. नक्कल नीट निघाली, तर प्रिंटरची मोटर, शाई, कागद ओढणारी चाके, सगळे ठीक आहे असे धरून चाला. दुकानदाराशी भांडायला जाण्याचे तूर्त कारण नाही. ज्या प्रिंटरला काच नसते त्याला स्वतःचे चाचणीपान छापता येते. कुठले बटण किती वेळ दाबायचे ते सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते.

नक्कल निघालीच नाही, तर आधी चिकटपट्ट्या पाहा. नव्या प्रिंटरच्या आत, झाकणाखाली, शाईच्या डोक्याजवळ वाहतुकीसाठी लावलेल्या रंगीत पट्ट्या असतात आणि त्यातली एखादी राहून जाते. दुसरी गोष्ट म्हणजे शाई भरणे. टाकीत शाई ओतली म्हणजे काम झाले असे नसते. ती नळ्यांतून डोक्यापर्यंत चढायला प्रिंटरला बराच वेळ लागतो, कधी दहा मिनिटे, कधी त्याहून जास्त. तोवर दिवा लुकलुकत राहतो आणि प्रिंटर दुसरे काही ऐकत नाही. नेमके याच वेळी लोक सीडी घालतात, संगणक "प्रिंटर सापडला नाही" म्हणतो, आणि चिडून कुणीतरी प्रिंटरचे बटण बंद करते. शाई चढत असताना वीज तोडणे वाईट. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून हे काम वीज स्थिर असेल अशा वेळी करावे हे उत्तम.

केबलबद्दल थोडेच सांगायचे आहे. चौकोनी तोंडाची जी यूएसबी केबल खोक्यात मिळते तीच वापरावी. ही केबल पाच मीटरपेक्षा लांब नसावी, कारण यूएसबी २ च्या नियमात तीच मर्यादा आहे. पलीकडच्या खोलीत प्रिंटर ठेवण्यासाठी दोन केबली जोडून केलेली व्यवस्था आज चालते, उद्या चालत नाही. केबल संगणकाच्याच खाचेत लावावी, कीबोर्ड-माऊस लावलेल्या हबमध्ये नाही. आणि काही प्रिंटरच्या यूएसबी खाचेवर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर लिहिलेले असते की सांगितल्याशिवाय केबल जोडू नका. ती ओरबाडून काढून आधीच केबल जोडली, तर विंडोज आपल्या समजुतीने प्रिंटरची अर्धवट नोंद करून ठेवते. मग ती नोंद 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' मध्ये जाऊन काढावी लागते, संगणक पुन्हा सुरू करावा लागतो आणि सर्व क्रमाने पुन्हा करावे लागते. वैताग आहे, पण दहा मिनिटांचाच.

आता मुख्य मुद्दा, ड्रायव्हरचा. विद्यार्थी मित्रांनो, हा भाग तुमच्यासाठी सविस्तर लिहीत आहोत, कारण 'ड्रायव्हर टाका' हे सगळेच म्हणतात आणि ड्रायव्हर म्हणजे काय हे फार थोडे सांगतात.

कापडाच्या जुन्या पेढ्यांवर अजून कुठे कुठे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दिसतो, करकर आवाज करत बिले काढणारा. त्या प्रिंटरच्या पोटातच इंग्रजी अक्षरांचे साचे असत. संगणकाने फक्त "आता ए, आता बी" एवढे कळवायचे, प्रिंटर आपल्या साच्यातून ते अक्षर कागदावर उमटवी. काम सोपे. पण त्या साच्यांत आपला क, ख, ग नव्हता. मराठी-हिंदी छापण्यासाठी वेगळी युक्ती लागे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) वाढवलेल्या 'जिस्ट' तंत्रामुळे भारतीय लिप्या साध्या संगणकावर दिसू व छापता येऊ लागल्या. संगणकात एक जादा कार्ड बसवावे लागे.

आजचा स्वस्त घरगुती प्रिंटर याच्या अगदी उलट आहे. त्याला एकही अक्षर येत नाही, इंग्रजीही नाही. संपूर्ण पान संगणकच चित्रासारखे काढतो, त्याचे लाखो ठिपके करतो आणि कुठे कुठल्या रंगाचा थेंब टाकायचा ते प्रिंटरला सांगतो. हे सांगण्याची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी, पुष्कळदा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी. संगणक आणि प्रिंटर यांच्यामध्ये उभा राहणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. आपल्या गावाला दुभाष्याचे महत्त्व नव्याने सांगायला नको. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, आणि आपल्यातला प्रत्येक जण घरी मराठी, बाजारात हिंदी बोलूनच मोठा होतो. दुभाषी नसेल, चुकीचा असेल किंवा त्याला दारातच अडवले असेल, तर दोन्ही यंत्रे धडधाकट असूनही काम अडते.

याच दुभाष्यावरून एकदा जगात मोठी गोष्ट घडली आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीने एक लेझर प्रिंटर दिला होता. तो वारंवार कागद अडकवी. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरला, कागद अडकला की सर्वांना सूचना जाईल अशी सुधारणा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करायची होती. जुन्या प्रिंटरच्या बाबतीत त्याने तसे केलेलेही होते. पण नव्याचा मूळ कोड कुणी देईना. ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेचा करार केला होता. स्टॉलमनच्या मनाला हा अनुभव लागला, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. लिनक्स आणि मुक्त सॉफ्टवेअर यांची जी परंपरा आज आपण पाहतो, तिच्या मुळाशी न ऐकणारा एक प्रिंटर आहे.

असो. आपल्या घरातला दुभाषी कुठे अडतो ते पाहू.

सर्वांत आधी खोक्यातली सीडी बाजूला ठेवा. ती प्रिंटर तयार झाला तेव्हाची असते, आणि आजच्या लॅपटॉपला तर सीडीची खाचच नसते. प्रिंटरवर लिहिलेला पूर्ण मॉडेल क्रमांक उतरवून घ्या, शेवटच्या एका अक्षरासह, कारण त्या एका अक्षराने मॉडेल वेगळे होते. मग कंपनीच्या अधिकृत स्थळावरून त्या क्रमांकाचा आणि आपल्या विंडोजचा ड्रायव्हर उतरवा. 'सेटिंग्ज' मधील 'सिस्टम', त्यातील 'अबाउट' मध्ये गेल्यास आपले विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे हे लिहिलेले दिसते. जुन्या संगणकांवर ३२ बिटचे विंडोज अजून सापडते. त्याला ६४ बिटचा ड्रायव्हर बसणार नाही.

ड्रायव्हर योग्य असूनही बसत नाही, याचे आमच्या अनुभवात सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे मुलाचे खाते. पुष्कळ जागरूक पालक मुलाला संगणकावर साधे खाते काढून देतात आणि प्रशासकाचे खाते स्वतःकडे ठेवतात. चांगली सवय आहे. पण ड्रायव्हर हा संगणकाच्या गाभ्याशी बोलणारा प्रोग्राम असल्याने तो बसवायला प्रशासकाचा पासवर्ड लागतो. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेत 'प्रिंट नाइटमेअर' नावाची गंभीर त्रुटी उघड झाली होती. तिचा फायदा घेऊन बाहेरचा माणूस संगणकाचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. त्यानंतर ऑगस्ट २०२१ च्या सुधारणेपासून नेटवर्कवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर घेण्यावरही हेच बंधन आले. म्हणून प्रिंटर बसवताना आई किंवा बाबा शेजारी असावेत, हे बरे.

नव्या लॅपटॉपचे आणखी दोन प्रकार लक्षात ठेवावेत. काहींत विंडोज 'एस मोड' मध्ये येते आणि मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरबाहेरचा कुठलाही प्रोग्राम घेत नाही. हा मोड फुकट काढता येतो, पण एकदा काढला की परत लावता येत नाही. दुसरा प्रकार 'आर्म' प्रोसेसरच्या लॅपटॉपचा. त्यांना आर्मसाठीच केलेला ड्रायव्हर लागतो आणि तो प्रत्येक प्रिंटरसाठी मिळेलच असे नाही. लॅपटॉप घेण्याआधी घरच्या प्रिंटरचा क्रमांक खिशात घेऊन जावे.

हे सगळे हळूहळू बदलते आहे, हेही सांगितले पाहिजे. २०१३ मध्ये काही मोठ्या प्रिंटर कंपन्यांनी मिळून 'मोप्रिया' ही संघटना काढली. हेतू असा की, सर्व प्रिंटरांनी एक सामायिक भाषा समजावी आणि प्रत्येकासाठी वेगळा दुभाषी लागू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे सारून याच मार्गाने जाणार असल्याचे जाहीर केले. विश्वस्त मंडळींनी कार्यालयासाठी नवा प्रिंटर घेताना त्यावर मोप्रियाचे चिन्ह आहे का एवढे जरूर पाहावे. पाच वर्षांनी संगणक बदलला तरी प्रिंटर भंगारात जाणार नाही.

वाय-फायवर चालणाऱ्या प्रिंटरची कथा थोडी निराळी. बहुतेक स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झची वाय-फाय ओळखतात. घरातल्या राउटरने ५ गिगाहर्ट्झचे वेगळे नाव दिले असेल आणि फोन त्यावर असेल, तर प्रिंटरच्या यादीत ते नाव दिसतच नाही. लोकांना वाटते प्रिंटरचे वाय-फाय खराब आहे. प्रिंटरला २.४ वाल्या नावाशी जोडा. आपल्याकडे अनेक घरांत राउटर नसतो, बाबांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळे चालते. तेव्हा हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ निवडावे. आणि बाबा दुकानात गेले की हॉटस्पॉटही गेला, प्रिंटरही गेला! अशा घराला आम्ही सरळ केबलच सुचवू.

प्रिंटर खरोखर वाय-फायला जोडला गेला का, हे त्याच्याकडूनच कबूल करून घेता येते. नेटवर्कची माहिती देणारे पान त्याच्यावर छापा. त्यात आयपी पत्ता असतो. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा जोडणी झाली आहे. ०.०.०.० किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा असेल तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही, मग संगणकावर कितीही डोके आपटा. पत्ता ठीक असेल तर फोनवरून छापून पाहावे. अँड्रॉइड ८ (२०१७) पासून पुढच्या बहुतेक फोनांत छपाईची सोय आधीच असते. फोनवरून पान निघाले आणि संगणकावरून निघेना, तर दोष संगणकात आहे हे सिद्ध झाले.

कधी कधी सगळे बसलेले असते, "प्रिंटर तयार आहे" असेही दिसते, पण कागद बाहेर येत नाही. इथे पहिला संशयित म्हणजे 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'. हा खरा प्रिंटर नाही, नुसती फाइल बनवणारी सोय आहे. प्रिंटचा हुकूम दिल्यावर संगणक फाइलचे नाव विचारू लागला तर समजावे की काम भलत्याच प्रिंटरकडे गेले. 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' ही खूण काढून टाकावी आणि आपला प्रिंटर स्वतः निवडावा. दुसरा संशयित, रांग. प्रिंटर बंद असताना मुलांनी दहा वेळा प्रिंट दाबलेले असते. पहिलेच काम अडकते आणि मागची नऊ त्याच्यामागे तिष्ठत राहतात. रांग उघडून सगळी कामे रद्द करावीत. रद्द होत नसतील तर 'सर्व्हिसेस' मध्ये 'प्रिंट स्पूलर' थांबवून, विंडोजच्या सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली पुसून (फोल्डर नव्हे, फक्त आतल्या फायली) स्पूलर पुन्हा सुरू करावा. हे मोठ्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांसमोर एकदा करून पाहावे.

आता ज्याची आम्हाला सर्वांत काळजी वाटते ती गोष्ट. ड्रायव्हर शोधताना लोक इंटरनेटवर प्रिंटरचे नाव टाकतात आणि जे पहिले दिसते त्यावर बोट ठेवतात. पहिले दिसते ती पुष्कळदा जाहिरात असते. काही बनावट स्थळे हुबेहूब कंपनीसारखी दिसतात. तुम्ही मॉडेल क्रमांक टाकता, ड्रायव्हर उतरत असल्याची पट्टी पुढे सरकते, आणि शेवटी लाल अक्षरांत "त्रुटी आली, मदतीसाठी या क्रमांकावर फोन करा" असे येते. ती पट्टीही खोटी, त्रुटीही खोटी. फोनवरचा गोड बोलणारा माणूस तुमच्या संगणकावर किंवा मोबाइलवर दुरून पाहण्याचे ॲप घ्यायला लावतो, आणि मग किरकोळ शुल्काच्या नावाखाली बँकेपर्यंत पोचतो. आजी-आजोबांनाही हे समजावून सांगा: प्रिंटरच्या दुरुस्तीसाठी ओटीपी, यूपीआय पिन किंवा एटीएम कार्डावरचे आकडे कधीही लागत नाहीत. मदतीचा क्रमांक खोक्यावरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्यावा, शोधून मिळालेला घेऊ नये. कुणी फसलेच तर लाजून गप्प बसू नये; लगेच १९३० वर कळवावे. जितक्या लवकर कळवले जाईल तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त.

प्रिंटर चालू झाल्यावर आपल्या मंडळींची एक खास तक्रार उरते. इंग्रजी छान छापते, मराठी छापले की चौकोन येतात, किंवा इंग्रजी अक्षरांचा काला. वर सांगितलेच की आजच्या घरगुती प्रिंटरला कुठलीच लिपी येत नाही, तो फक्त ठिपके टाकतो. त्यामुळे हा दोष प्रिंटरचा असूच शकत नाही. दोष फॉन्टचा असतो. जळगावकडून आलेली प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा शिवाजीमध्ये असते, आपल्या मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांचा जुना मजकूर कृतिदेवमध्ये. या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले होते, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. फाइल पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवावी, तिच्यात फॉन्ट सोबत येतो. आणि आपण स्वतः नवे काही लिहीत असू तर युनिकोडमध्ये लिहावे. म्हणजे फाइल इथे उघडा, रावेरला उघडा, नाहीतर अमेरिकेतल्या काकांकडे उघडा, 'दऱ्या' चा 'दर्या' होणार नाही.

एवढे करूनही प्रिंटर बसला नाही, तर तो आम्हाला दाखवायला आणताना सोबत बिल, खोक्यातलीच केबल आणि पडद्यावर आलेल्या त्रुटीचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र आणावे. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" यावरून आम्हाला काही सांगता येत नाही. नक्कलही निघत नसेल तर प्रिंटर आमच्याकडे न आणता सरळ दुकानदाराकडे न्यावा, आणि त्यासाठी निदान महिनाभर तरी खोके व आतला थर्माकोल रद्दीवाल्याला देऊ नये.